चित्रात काही निघाले नाही तर?

गेल्या उपवासकाळात आमच्या सुनेची नागपूरला एम.आर.आय. तपासणी ठरली. आमचे शहापूर भंडाऱ्याच्या अलीकडे, नागपूरच्या हमरस्त्यालगत आहे. गाडीने तास-सव्वा तासाची वाट. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी केंद्राने दिलेले कागद मेजावर पसरून आम्ही बसलो होतो. आम्ही म्हणजे तिचे सासू-सासरे. मुलगा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत रात्रपाळीला गेला होता. किती वाजेपर्यंत खायचे, पाणी किती प्यायचे, अंगावर काय ठेवायचे नाही, हे सारे दोनदा वाचून झाले. कागद आवरता आवरता ती म्हणाली, "आई, चित्रात काही निघालं नाही तर?"

"मग देवाचे आभार मानायचे, बेटा," आम्ही तत्काळ म्हणालो.

ती गप्प झाली. आपले उत्तर चुकले हे आमच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. तिला रोगाची धास्ती नव्हती. रोग सापडला नाही तर आपल्या बोलण्यावर या घरात कोण विश्वास ठेवील, ही तिची धास्ती होती. आणि ती निराधार होती, असे छातीवर हात ठेवून आम्हांला म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या वेदनेवर विश्वास ठेवायला आपल्याला पुरावा का लागतो, आणि तो मागण्याचा आपला अधिकार किती, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून आमचा पिच्छा सोडीत नाही. म्हणून हे लिहिणे.

एन्डोमेट्रिओसिस हे नाव आमच्या पिढीने ऐकलेले नव्हते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात असतात तशा पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशांवर, पोटाच्या आतील पडद्यावर, मूत्राशयाच्या किंवा आतड्याच्या बाजूला रुजतात. महिन्याच्या चक्राबरोबर त्याही सुजतात, त्यांतूनही रक्त झिरपते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग दाह होतो, व्रण धरतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये या आजाराचे वर्णन केले. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात त्याला आजचे नाव दिले. म्हणजे आजार नवा नाही. त्याविषयी मोठ्याने बोलणे तेवढे नवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटींच्या आसपास स्त्रिया व मुली हा आजार घेऊन जगतात, आणि दुखणे सुरू झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत अनेकदा ४ ते १२ वर्षे निघून जातात.

ही वर्षे कोठे जातात? काही दवाखान्यांच्या ओटीवर जातात हे खरे. पण बरीचशी घरातच जातात. आमच्या घरात 'पाळी' हा शब्द निर्माणीच्या संदर्भातच उच्चारला जाई: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. दुसऱ्या अर्थाने तो कधी कोणाच्या ओठांवर आला नाही. ख्रिस्ती घरात विटाळ पाळीत नाहीत, असे आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगत आलो. स्वयंपाकघर बंद नाही, देवघर बंद नाही, मिस्सेला जायला आडकाठी नाही. पण न बोलणे हाही एक विटाळच आहे, हे आमच्या लक्षात आले नाही. सून महिन्यातून दोन-तीन दिवस दुपारची दार लावून पडून राही आणि आम्ही समजून घेतल्यासारखे करून दुसरा विषय काढीत असू. घरी येणाऱ्या एक वयोवृद्ध काकू तर स्पष्टच म्हणत, "बाईच्या जातीले हे असतेच. देवाले वाहून टाक." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी स्वतः आयुष्यभर धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून रोवणी केली होती. त्या दिवसांतही केली होती. ज्याने स्वतः सोसले त्याला दुसऱ्याचे सोसणे सामान्य वाटू लागते, हा एक चमत्कारिक न्याय आहे.

असो. त्या संध्याकाळी कागदांत एक दोन पानी इंग्रजी अर्ज होता. सून पदवीधर आहे, अर्ज तिनेच भरायचा. पण ती गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसली होती. तेव्हा आमच्यापैकी ज्याच्या हाती आयुष्यभर खडू होता त्याने लेखणी उचलली आणि एकेक प्रश्न वाचायला आरंभ केला. हृदयात पेसमेकर आहे का? पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, आत धातूची क्लिप ठेवली आहे का? डोळ्यांत कधी धातूचा कण गेला होता का? दमा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार? कोणत्या औषधाची अॅलर्जी? बंद जागेत जीव घाबरतो का? गरोदर असण्याची शक्यता? आणि मग: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?

सासऱ्याने सुनेला हा प्रश्न विचारावा, असा प्रसंग आमच्या घराण्यात याआधी आला नसावा. क्षणभर लेखणी थांबली. तिने तारीख सांगितली. ती लिहून घेतली गेली. आभाळ कोसळले नाही. पुढचा प्रश्न होता, तक्रार काय आणि केव्हापासून? आम्ही मनातल्या मनात 'दोन वर्षे' असे उत्तर तयार ठेवले होते, कारण दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेली हे आम्हांला ठाऊक होते. ती म्हणाली, "नऊ वर्षं, बाबा. बारावीपासून." या घरात येऊन तिला चार वर्षे झाली आहेत. म्हणजे ही वेदना ती माहेरून घेऊन आली होती आणि चार वर्षे आमच्या पंक्तीला बसून जेवत होती. एका छापील अर्जाने तिला जे विचारले ते चार वर्षांत आम्ही विचारले नव्हते. त्या अर्जात माया नव्हती, सहानुभूती नव्हती. चूक झाली तर जीव जाऊ शकतो म्हणून तो नेमके विचारीत होता. आमच्या मायेला एवढा नेमकेपणा कधी सुचला नाही.

चूक झाली तर जीव जातो, हे आम्ही उगाच म्हणत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये, रुग्णासाठी ऑक्सिजनचे सिलिंडर हातात धरून एम.आर.आय. कक्षात शिरलेला एक तरुण नातलग सिलिंडरासकट यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. या यंत्राचे चुंबक दिवा-पंख्यासारखे काम संपले की बंद होत नाही. ते अहोरात्र चालूच असते. दीड टेस्लाचे साधे यंत्र घेतले तरी त्याची ओढ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. म्हणून अंगावरचे सारे उतरवायचे. सुनेने त्या रात्रीच अंगठी, कर्णफुले, केसांतील पिना काढून एका डबीत ठेवल्या. मंगळसूत्र काढताना त्याला अडकवलेल्या दोन सेफ्टीपिना निघाल्या. आपल्या बायकांची ही जुनी सवय किती धोक्याची ठरू शकते ते तेव्हा कळले. गळ्यातील पवित्र मातेचे पदक काढताना मात्र तिचा हात अडला. पहिल्या कम्युनियनपासून ते तिच्या गळ्यात होते. ते आम्ही आमच्याकडे ठेवून घेतले.

बाकीची तयारी सोपी, पण प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि कारण कळले की भीती निम्मी होते, असा आमचा अनुभव. तपासणीपूर्वी चार तास काही खायचे नव्हते, कारण पोट रिकामे असले म्हणजे आतड्यांची चळवळ कमी होते. शिवाय शिरेतून औषध दिल्यावर एखाद्याला मळमळते. चित्र हलू नये म्हणून आतड्यांची हालचाल थोडा वेळ थांबवणारे इंजेक्शनही देतात. मूत्राशय अगदी रिते नको आणि तुडुंबही नको. अर्धवट भरलेले असले म्हणजे आसपासचे अवयव नीट दिसतात. तारीख पाळीच्या दिवसांत येऊ नये असे आम्ही पाहिले. तसा वैद्यकीय नियम नाही. पण कळा येत असताना अर्धा-पाऊण तास पाठीवर निश्चल पडून राहणे कोणाला जमणार? (ज्या आजारात माणूस पाय पोटाशी घेऊन पडतो त्याच्या तपासणीत पाय लांब करून पडावे लागते, ही त्यातली विसंगती.)

कॉन्ट्रास्टचे थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी गावात बऱ्याच वावड्या ऐकू येतात. शिरेतून देतात ते औषध गॅडोलिनियम या धातूचे संयुग असते. ते प्रत्येक रुग्णाला लागतेच असे नाही. एन्डोमेट्रिओसिसची बरीच लक्षणे त्यावाचूनही चित्रात ओळखता येतात. सुनेच्या पहिल्या दोन सोनोग्राफी निर्मळ निघाल्या होत्या. तिसऱ्या वेळी डाव्या बीजांडकोशावर एक गाठ दिसली, आणि तिच्या भिंतीला एके ठिकाणी जाडी असल्याची शंका आली. ती गाठ नेहमीची, आपोआप विरणारी असू शकत होती. साचलेल्या जुन्या रक्ताची असू शकत होती. किंवा भिंतीवर आणखी काही वाढत असेल, अशीही शक्यता अगदीच नाकारता येत नव्हती. जेथे रक्तपुरवठा आहे तेथे कॉन्ट्रास्ट पोहोचतो आणि तो भाग चित्रात उजळतो. साचलेले रक्त उजळत नाही. एवढा फरक कळण्यासाठी ते औषध. ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेतात. मूत्रपिंडे फारच दुबळी असतील तर यातील काही जुन्या औषधांनी त्वचेचा व सांध्यांचा गंभीर विकार जडतो, हे २००६ च्या सुमारास लक्षात आले आणि तेव्हापासून जगभर ही खबरदारी घेतली जाते. ज्यांची मूत्रपिंडे धड आहेत त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. औषध शिरताना हाताला गारवा जाणवतो, कधी तोंडाला धातूची चव येते, एवढेच. अर्जावर वजन विचारतात ते औषधाचे माप ठरवण्यासाठी.

अर्जातील आणखी एका प्रश्नापाशी आम्हांला थांबावे लागले. सध्या कोणती औषधे चालू आहेत? सून म्हणाली, "काही नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दिली होती. घेतली नाहीत." आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला संप्रेरकांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. या आजारात त्या नेहमी देतात. चक्र शांत राहिले की बाहेर रुजलेल्या पेशीही शांत राहतात. पण त्याच गोळ्या संततिनियमनासाठीही वापरल्या जातात. पाकीट आमच्या दृष्टीस पडले, आम्ही तिच्याकडे नुसते पाहिले, आणि पाकीट कपाटात गेले. आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेत किती बळ असते, हे त्या नजरेच्या मालकांना बहुधा ठाऊक नसते.

या बाबतीत आमचे अज्ञान अक्षम्य होते, कारण उत्तर शोधायला आम्हांला लांब जावे लागले नसते. संततिनियमनाविषयी ख्रिस्तसभेची भूमिका ज्या परिपत्रकाने ठाम केली ते पोप सहावे पॉल यांचे 'ह्युमाने व्हिते' जुलै १९६८ मधले आहे. त्याच परिपत्रकाच्या पंधराव्या परिच्छेदात निःसंदिग्धपणे म्हटले आहे की, शरीराच्या विकारावर आवश्यक असलेला उपचार निषिद्ध नाही. त्याच्या योगे गर्भधारणेला अडथळा येणार हे आधी दिसत असले तरी नाही. मात्र तो अडथळा हाच उपचाराचा हेतू असता कामा नये. हे परिपत्रक निघाले तेव्हा आमच्यापैकी एकजण शाळेत जात होता. नंतर सारे आयुष्य आम्ही त्यातला निषेध लक्षात ठेवला. त्यातली सवलत कोणी वाचली नाही. आपल्याकडे धर्माज्ञा तोंडोतोंडी पसरतात तेव्हा त्यांचे असेच होते: 'नको' तेवढे पोहोचते, 'मात्र' वाटेत गळून पडते.

काकूंच्या 'देवाला वाहून टाक' या सल्ल्याचेही तसेच. दुःख प्रभूच्या क्रूसाशी जोडून अर्पण करावे, ही आपली जुनी श्रद्धा आहे आणि ती आम्हांला प्रिय आहे. अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांना तिने धीर दिलेला आम्ही पाहिला आहे. पण अर्पण ज्याचे त्याने करायचे असते. वेदीवर आपण आपले दान नेतो, शेजाऱ्याची कोंबडी नेत नाही. दुसऱ्याला 'अर्पण कर' असे सांगताना बहुतेक वेळा आपल्या मनात असते ते 'गप्प राहा'. शल्यक्रियेतील वेदनाशमनाविषयी इटलीतील भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना प्रश्न केले होते. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की वेदना टाळणे किंवा तिच्यावर औषध घेणे यात ख्रिस्ती माणसाचे कोणतेही कर्तव्य मोडत नाही. वेदना वेदनेसाठी सहन केलीच पाहिजे असा नियम नाही. कोणी स्वेच्छेने सोसली तर तो त्याचा मार्ग. या 'स्वेच्छेने' शब्दावर सारे अवलंबून आहे. नऊ वर्षे जिला कोणी विचारलेच नाही तिची इच्छा कोणती होती, हे आम्हांला कसे कळावे?

येथे कोणी म्हणेल, मग चित्र तरी कशाला? तिच्या शब्दावर विश्वास ठेवा आणि उपचार करा. गोष्ट एवढी सोपी नाही. दुखते असे म्हणताच पुरते न पाहता उपाय करणे हाही एक अन्यायच आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर घडला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोयत्याची उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की दंड, फडात आडोसा नाही, पाणी नाही. पोटात दुखते, अंगावरून जाते, म्हणून बाई दवाखान्यात गेली की 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' हे ऐकायचे. त्या बायांचे दुखणे कोणी नाकारले नाही. पण ते कसले, हे पाहण्याची तसदीही घेतली नाही. आणि एन्डोमेट्रिओसिस तर गर्भाशयाबाहेरचा आजार. नुसती पिशवी काढून तो जाईलच असे नाही. काळजीपूर्वक पाहणे हीही विश्वास ठेवण्याची एक रीत आहे. डॉक्टर चित्र काढायला सांगतात ते बाईला खोटे पाडण्यासाठी नव्हे, तिच्या म्हणण्याचा माग काढण्यासाठी. त्या दृष्टीने आम्ही त्या यंत्राला मानतो.

मात्र त्या चित्रालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ठाऊक असणे हा तयारीचाच भाग आहे असे आमचे मत आहे. खोलवर रुजलेला आजार, बीजांडकोशातील रक्ताची गाठ, चिकटलेले आतडे हे एम.आर.आय.मध्ये चांगले दिसते. पण पोटाच्या पडद्यावर वरवर पसरलेले लहान लहान ठिपके बहुधा दिसत नाहीत. आणि ठिपके किती यावरून दुखणे किती हे ठरत नाही. थोड्या आजारातही असह्य कळा येतात, बराच पसरलेला आजार कधी मुकाट असतो. मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्राच्या युरोपीय संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली त्यांतही हे बजावले आहे की, चित्र निर्मळ आले म्हणून आजार नाही असे समजू नये. हे डॉक्टरांनी सुनेला सांगितले होते. तिने आम्हांला सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते.

तेव्हा तिच्या प्रश्नाचा अर्थ आता उघड झाला. चित्रात काही निघाले नाही तर डॉक्टर पुढची वाट दाखवतील; गोळ्या देतील, गरज पडली तर दुर्बिणीतून पाहतील. घर काय करील? घर म्हणेल का, बघ, काही नव्हते?

रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथा मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. प्रवचनांत आम्ही ती असंख्य वेळा ऐकली. तिच्या श्रद्धेचे कौतुक ऐकले. त्या रात्री ती पुन्हा वाचली तेव्हा दुसऱ्याच गोष्टी नजरेत भरल्या. बारा वर्षे. अनेक वैद्य, सारा पैसा संपलेला, दुखणे वाढलेले. ती मागून येते, कोणाला न कळता हात लावून निघून जाऊ पाहते. बरी तर ती त्या क्षणीच होते. तरीही प्रभू थांबतो. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, गर्दी रेटते आहे, शिष्य वैतागले आहेत, आणि तो थांबून विचारतो, कोणी हात लावला? मग ती पुढे येऊन सारे खरे सांगते. केवळ बरे करण्यासाठी थांबण्याचे कारण नव्हते. तो थांबला तो तिचे ऐकण्यासाठी, आणि तेही चारचौघांत. तिने पुरावा म्हणून काय दाखवले, असे त्याने विचारले नाही.

आम्ही सुनेच्या खोलीचे दार वाजवले. रात्रीचे दहा वाजले असतील. "तू मघाशी विचारलंस, त्याचं उत्तर चुकलं आमचं," आम्ही म्हणालो. "चित्रात काही निघो न निघो, तुला दुखतं हे आम्ही मान्य करतो. ते पुन्हा सिद्ध करायला लागणार नाही." हे बोलताना संकोच वाटला, अशी वाक्ये बोलण्याची आम्हांला सवय नाही. ती नुसतेच "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "त्या गोळ्या अजून कपाटातच आहेत."

दुसरा दिवस शुक्रवार होता. तिला तपासणीसाठी उपाशी राहायचे होते आणि आम्हांला उपवासकाळाचा उपवास होता. पहाटे तिघांनी घोटभर पाणी पिऊन घर सोडले. केंद्रातील मुलीने सारे पुन्हा विचारले, हातात सुई बसवली, कानांत बोळे दिले, हाताशी एक रबरी फुगा दिला: भीती वाटली तर दाबा. आम्ही बाहेर पदक मुठीत धरून बसलो. भिंतीआडून यंत्राचा ठणठणाट ऐकू येत होता, कोणी पत्र्याच्या डब्यावर हातोडा मारावा तसा. पाऊण तासाने ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आत एक बरं होतं. कोणी काही बोलायला लावत नव्हतं."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. गाठ जुन्या रक्ताचीच होती. तिच्या भिंतीत काळजी करण्यासारखे काही नव्हते. गर्भाशयाच्या मागे मात्र आजार खोल रुजला होता आणि आतड्याचा एक भाग तेथे चिकटला होता. डॉक्टर हे समजावून सांगत असता आम्हांला हायसे वाटले. गाठ घातक नाही म्हणून वाटले असेल, असे आम्ही स्वतःला सांगून पाहिले. पण ते पुरते खरे नव्हते. आजार निघाला याचे आम्हांला बरे वाटले होते. तिचे खरे ठरले याचे बरे वाटले होते. म्हणजे आदल्या रात्री शब्द देऊनही मनाचा एक कोपरा पुराव्याची वाट पाहत बसला होता. तो शब्द आम्हांला पाळावाच लागला नाही. चित्र निर्मळ आले असते तर आम्ही तो पाळला असता का? पाळला असता असे लिहावेसे वाटते. लेखणी पुढे जात नाही.

रिपोर्ट घेऊन निघताना केंद्राच्या बाकावर एक मुलगी बसलेली दिसली. असेल अठरा-एकोणीस वर्षांची. शेजारी आई, आणि समोर तिचा मोठा भाऊ उभा राहून कागद वाचत होता. "पाहा, काहीच नाही निघालं," तो आईला म्हणाला. "आठ हजार गेले. आता पुरे झालं हिचं." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि सुटकाही. मुलगी जमिनीकडे पाहत होती. आम्ही काही म्हणावे की नाही या विचारात घुटमळत होतो. परक्यांच्या घरातली गोष्ट. सुनेने फाइल आमच्या हातात दिली आणि जाऊन त्या बाकावर तिच्या शेजारी बसली.

"कधीपासून दुखतं गं?" तिने विचारले.

मुलीने आधी भावाकडे पाहिले, मग आईकडे. मग सांगायला लागली. गाडीवाला दोनदा येऊन विचारून गेला. त्याला आम्ही थांबायला सांगितले. भावाने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, आणि थोड्या वेळाने तोही बाकाच्या टोकाला बसला.